वधस्तंभावर कोण मरण पावलं? त्रैक्य आणि देवाचं दुःख

प्रश्न असा आहे: ख्रिस्ती लोक येशूला देव मानतात, तर वधस्तंभावर नेमकं कोण मेलं? देवच मेला असेल तर त्या वेळी जग कोण चालवत होतं? "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ही हाक देवाने देवालाच मारली का? आणि या सगळ्याच्या तळाशी असलेला प्रश्न: देवाला खरोखर दुःख होतं का, की ती नुसती बोलायची रीत आहे?

मी अनेक वर्षं ख्रिस्ती सिद्धान्त शिकवत आलो आहे आणि पाळक म्हणून आजारी व शोकात असलेल्या माणसांजवळ बसत आलो आहे. हे प्रश्न दोन्हीकडे येतात. वर्गात चुकीचं उत्तर दिलं तर गुण जातात. दुःखात असलेल्या माणसाला चुकीचं उत्तर दिलं तर त्याचा देवावरचा विश्वासच उडू शकतो. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी थोडक्यात. वधस्तंभावर पुत्र मरण पावला. पिता नाही, पवित्र आत्मा नाही. पुत्र पूर्णपणे देव आहे, म्हणून "देवाने दुःख सोसलं" हे वाक्य खरं आहे. पण त्याने ते सोसलं ते तुमचं-माझं माणूसपण स्वतःचं करून घेऊन, देहात. मरण म्हणजे देह आणि आत्म्याची ताटातूट, आणि ती पुत्राने माणूस म्हणून अनुभवली. त्याचं देवपण नाहीसं झालं नाही, झाकोळलंही नाही. जगाचं काय झालं, याचं उत्तर अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने चौथ्या शतकातच दिलं होतं: देवाचा शब्द, म्हणजे पुत्र, देहात आला तेव्हा तो देहात कोंडला गेला नाही. देहात असतानाच तो सगळ्या सृष्टीला धरून होता. वधस्तंभावर ज्याचे हात खिळलेले होते, तोच विश्व सांभाळत होता.

हे उत्तर कळायला त्रैक्य नीट कळलं पाहिजे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही शिकवण म्हणजे त्रैक्य. हे तीन देव नव्हेत, आणि एका देवाची तीन रूपंही नव्हेत. पहिला नकार सगळ्यांना पाठ असतो, दुसरा विसरला जातो. पाणी, बर्फ आणि वाफ हे उदाहरण संडे स्कूलमध्ये सर्रास देतात. शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की ते देऊ नका. एकच पदार्थ आळीपाळीने तीन अवस्थांत जातो, त्यात बर्फ वाफेशी बोलत नाही आणि वाफेचं बर्फावर प्रेम नसतं. शुभवर्तमानात पुत्र पित्याशी बोलतो, त्याचं ऐकतो, रात्रभर प्रार्थना करतो. योहान 17:24 मध्ये तो म्हणतो की जगाच्या स्थापनेपूर्वीच पित्याने त्याच्यावर प्रीती केली. म्हणजे ही प्रीती देवाने नंतर सुरू केलेलं काम नव्हे. ती देवाचं स्वतःचं जीवन आहे.

अनेकांना इथे ब्रह्मा, विष्णू, महेश आठवतात. ही तुलना सद्भावनेने केली जाते, पण ती वाट चुकवते. ख्रिस्ती शिकवणीत उत्पत्ती एकाकडे, रक्षण दुसऱ्याकडे अशी खातेवाटणी नाही. जगाच्या बाबतीत पिता, पुत्र आणि आत्मा यांचं प्रत्येक काम एकच असतं, हे प्राचीन चर्चचा आचार्य ऑगस्टीन याने ठामपणे मांडलं आहे. तिघांत फरक आहे तो फक्त परस्परसंबंधाचा: पिता पुत्राला जन्म देतो, पुत्र पित्यापासून जन्मतो, आत्मा पित्यापासून निघतो. (आत्मा पुत्रापासूनही निघतो का, यावर पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या मंडळ्यांत शतकानुशतकं वाद आहे. आपल्या प्रश्नाला त्याची गरज नाही.) तिघांचं काम एक, म्हणून इच्छाही एक, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे सगळं तिच्यावर उभं राहणार आहे.

आता मूळ मजकुराकडे जाऊ. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत अंधार पडतो. नवव्या तासाला, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास, येशू मोठ्याने ओरडतो: "एलोई, एलोई, लमा सबख्थनी?" ही 22 व्या स्तोत्राची पहिली ओळ. मार्कने ते स्तोत्र अगोदरपासूनच पेरलेलं आहे. शिपाई कपड्यांवर चिठ्ठ्या टाकतात, ती स्तोत्राची 18 वी ओवी. येणारेजाणारे मान हलवून टर उडवतात, ती 7 वी. मग काही उपदेशक म्हणतात, येशू फक्त स्तोत्र म्हणत होता, आणि स्तोत्र तर विजयात संपतं, तेव्हा काळजी नको. मला हे पटत नाही. माणूस स्तोत्र म्हणतो ते त्यातलं दुःख टाळण्यासाठी नव्हे. येशूने ती ओळ निवडली कारण ती त्याच्या तोंडी त्या घटकेला खरी होती. त्याचबरोबर हेही खरं की त्याच स्तोत्राची 24 वी ओवी सांगते, देवाने पीडिताच्या पीडेचा तिरस्कार केला नाही, त्याच्यापासून तोंड लपवलं नाही. टाकून दिल्याची वेदना पूर्ण आहे, आणि ती वेदना सोसणारा अजूनही "माझ्या देवा" म्हणतो. पिता आणि पुत्र यांच्यातलं नातं त्या क्षणी तुटलं, असं मार्क म्हणत नाही. तीनच ओव्यांनंतर येशू प्राण सोडतो आणि त्यानंतर एक ओवी सोडून रोमी शताधिपती (शंभर शिपायांचा नायक) म्हणतो, "खरोखर हा मनुष्य देवाचा पुत्र होता." मार्कच्या शुभवर्तमानात अशी कबुली देणारा हा पहिलाच माणूस. ती तो येशूचे चमत्कार पाहून देत नाही, त्याला मरताना पाहून देतो.

म्हणजे हाक कोणी मारली? पुत्राने, माणूस म्हणून, आपल्या सगळ्यांच्या जागी उभं राहून. कोणाला मारली? पित्याला. त्रैक्य नसतं, देव आतून एकाकी असता, तर ही हाक म्हणजे एक तर नाटक ठरली असती किंवा एका साध्या माणसाची शोकांतिका.

पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती लोकांनी दोन्ही टोकं गाठून पाहिली. प्रॅक्सियस नावाचा एक शिक्षक पिता आणि पुत्र एकच व्यक्ती मानत होता. मग वधस्तंभावर पिताच होता, असं म्हणणं आलं. 213 च्या आसपास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने त्याच्याविरुद्ध लिहिलं आणि जळजळीत शब्दांत म्हटलं की प्रॅक्सियसने पवित्र आत्म्याला पळवून लावलं आणि पित्याला वधस्तंभावर खिळलं. दुसऱ्या टोकाला अलेक्झांड्रियाचा पाळक अरियस याचे अनुयायी. त्यांचं तर्कशास्त्र सरळ होतं: देव रडत नाही, थकत नाही, मरत नाही. येशू रडला, थकला, मेला. म्हणून तो पित्यासारखा देव नव्हे, पहिली आणि सर्वश्रेष्ठ निर्मिती असेल. 325 मध्ये निकियाच्या परिषदेने याला ठाम नकार दिला आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं जाहीर केलं. निकियाचं धाडस पाहा. खऱ्या देवापासून खरा देव, असं ज्याच्याविषयी म्हटलं, त्याच्याचविषयी त्याच मतांगिकारात (विश्वासाच्या जाहीरनाम्यात) "त्याने दुःख सोसले" हेही म्हटलं.

पण खरी कसोटी पाचव्या शतकात लागली. 428 मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झालेला नेस्टोरियस हा देवाचा मान राखू पाहणारा भाविक माणूस होता. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला मी देव म्हणणार नाही, असं तो म्हणाल्याची नोंद आहे. त्याच्या मते दुःख माणसाच्या वाट्याचं, महिमा शब्दाच्या वाट्याचा, आणि दोघं अगदी निकट जोडलेले. अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याने याला कडाडून विरोध केला. सिरिलचा स्वभाव मवाळ नव्हता आणि त्याचं राजकारणही स्वच्छ नव्हतं, पण या मुद्द्यावर तो बरोबर होता असं माझं ठाम मत आहे. सिरिल विचारतो: ज्याने माझ्यासाठी दुःख सोसलं तो कोण? देवाच्या जवळचा कोणी माणूस सोसत असेल आणि देव शेजारी उभा असेल, तर देवाने मला वाचवण्यासाठी स्वतःचं काहीच दिलेलं नाही. म्हणून देवाच्या शब्दाने देहात दुःख सोसलं, हे कबूल केलंच पाहिजे. शब्दाच्या दैवी स्वभावाला जखम होत नाही. पण जखम झालेला देह त्याचा स्वतःचा आहे, दुसऱ्या कोणाचा नाही. 431 च्या एफेसच्या परिषदेत नेस्टोरियस पदच्युत झाला आणि 451 मध्ये कॅल्सिडोनच्या परिषदेने सांगितलं की ख्रिस्त एकच व्यक्ती आहे, दोन स्वभावांत, आणि त्या स्वभावांची सरमिसळही होत नाही, फारकतही होत नाही.

यानंतरचा एक प्रसंग पाठ्यपुस्तकांत कोपऱ्यात असतो, मला मात्र तो फार मोलाचा वाटतो. 519 मध्ये डॅन्यूब नदीच्या मुखाकडच्या प्रदेशातले काही संन्यासी कॉन्स्टँटिनोपलला आले. त्यांच्याजवळ एकच वाक्य होतं: "त्रैक्यातील एकाने देहात दुःख सोसले." राजधानीत त्यांना विरोध झाला. ते रोमला गेले, तिथे पोप होर्मिस्दासने त्यांना दाद दिली नाही. अनेकांना ते वाक्य अनावश्यक, भांडण उकरणारं वाटलं. पुढे सम्राट झालेल्या जस्टिनियननेही आधी नाक मुरडलं आणि मग त्याचा पुरस्कार केला. 534 मध्ये पोप दुसरा जॉन याने ते मान्य केलं, आणि 553 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने तर जाहीर केलं की देहात वधस्तंभावर खिळलेला आपला प्रभू येशू ख्रिस्त खरा देव, वैभवाचा प्रभू आणि पवित्र त्रैक्यातील एक आहे. मी विद्यार्थ्यांकडून हे वाक्य शब्दन् शब्द तपासून घेतो. "त्रैक्यातील" काढलं तर अरियस जिंकतो. "एकाने" काढलं तर प्रॅक्सियस. "देहात" काढलं तर देवाचा स्वभावच वेदनेने बनलेला ठरतो. "सोसले" काढलं तर काहीच उरत नाही.

आता "देव अविकारी आहे" या जुन्या शिकवणीकडे वळू. आजच्या वाचकाला ती थंडगार वाटते. ज्याला काहीच होत नाही तो प्रेम कसा करणार? पण चर्चच्या आचार्यांना अभिप्रेत होतं ते दगडी मन नव्हे. त्यांचं म्हणणं असं की देवाला बाहेरून काही येऊन भिडत नाही, त्याचा तोल जात नाही, त्याची प्रीती आपल्या वागण्याने वरखाली होत नाही. आपण हळहळतो तेव्हा आपल्यात आधी नसलेलं काही जागं होतं. देवाच्या प्रीतीला जागं करावं लागत नाही. ती आधीच पूर्ण भरलेली आहे. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 11 व्या अध्यायात हे दोन्ही शेजारीशेजारी आहे. 8 व्या ओवीत देव इस्राएलाला म्हणतो, एफ्राइमा, मी तुला कसा सोडून देऊ? माझं हृदय आतल्या आत पालटलं आहे, माझा कळवळा पेटून उठला आहे. लगेच 9 वी ओवी: मी आपला क्रोध भडकू देणार नाही, कारण मी देव आहे, मनुष्य नव्हे. कळवळा आहे तो देव असूनही, असं इथे म्हटलेलं नाही. तो देव आहे म्हणूनच त्याची दया थकत नाही. माणूस असता तर एव्हाना संतापाने सगळं उद्ध्वस्त करून मोकळा झाला असता. निर्गम 3:7 मध्येही देव म्हणतो की त्याने आपल्या लोकांचं दुःख पाहिलं, आक्रोश ऐकला, त्यांचे क्लेश तो जाणून आहे. आणि पुढच्याच ओवीत तो त्यांना सोडवायला उतरतो.

विसाव्या शतकात मात्र ही जुनी मांडणी पुरेशी नाही, असं अनेकांना तीव्रतेने वाटलं, आणि त्यामागे खरं रक्त होतं. नाझींनी कैद केलेला जर्मन पाळक डीट्रिश बॉनहॉफर याने 16 जुलै 1944 रोजी बर्लिनच्या टेगल तुरुंगातून लिहिलं की दुःख सोसणारा देवच साहाय्य करू शकतो. 9 एप्रिल 1945 रोजी त्याला फाशी दिलं गेलं. युद्ध संपल्यावर वर्षभरातच, 1946 मध्ये, जपानमध्ये काझो कितामोरी यांनी देवाच्या वेदनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आणि जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमन. 1926 मध्ये हॅम्बुर्गला जन्म, 1943 च्या जुलैत सतराव्या वर्षी विमानविरोधी तोफेवर नेमणूक. शहरावर बॉम्बवर्षाव झाला, शेजारी उभा असलेला मित्र जागीच गेला आणि हा वाचला. 1945 ते 1948 युद्धकैदेत असताना हातात बायबल आलं आणि मार्कमधली तीच हाक त्याने वाचली. 1972 च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात त्याने मांडलं की पुत्र मरण सोसतो आणि पिता पुत्राचं मरण सोसतो. पित्याचा शोक पुत्राच्या मरणाइतकाच महत्त्वाचा आहे.

मोल्टमनचं ऋण मी मान्य करतो. वधस्तंभ ही फक्त पापांच्या हिशेबाची जागा नाही, तिथे पिता, पुत्र आणि आत्मा यांच्याविषयी काही उघड होतं, हे त्याने एका पिढीला पुन्हा दाखवलं. पण जिथे तो पित्याने पुत्राला टाकलं आणि देवाच्या आतच फूट पडली अशा भाषेत बोलतो, तिथे मी त्याच्यासोबत जात नाही. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डोरोथे झ्योले हिने लगेच हरकत घेतली होती की अशा चित्रात पिता क्रूर ठरतो. कॅथलिक धर्मशास्त्रज्ञ कार्ल रानर याची हरकत वेगळी आणि रोखठोक होती: देवही माझ्यासारखाच चिखलात रुतला असेल, तर मला बाहेर पडायला त्याचा काय उपयोग? दोन्ही हरकतींमध्ये वजन आहे, आणि सिरिलच्या मांडणीत दोन्हींना उत्तर आहे. जो सोसतो तो देवच आहे, म्हणून दुःख देवापासून दूर राहिलेलं नाही. आणि त्याचं देवपण अजिंक्य आहे, म्हणून दुःखाला शेवटचा शब्द मिळत नाही.

मग पिता काय करत होता? इथे मघाची ती एक इच्छा, एक काम ही गोष्ट कामाला येते. "रागावलेल्या पित्याने निरपराध मुलाला बदडून राग शमवला" असं प्रवचन मी ऐकलं आहे, आणि ते त्रैक्याच्या शिकवणीत बसत नाही. प्रेषित पौल म्हणतो की देव ख्रिस्तामध्ये होता आणि जगाचा स्वतःशी समेट करत होता. येशू योहान 10:18 मध्ये म्हणतो, माझा प्राण माझ्यापासून कोणी घेत नाही, तो मी स्वतः देतो. इब्री 9:14 म्हणतं की ख्रिस्ताने सनातन आत्म्याच्या योगे स्वतःला अर्पण केलं. पिता देतो, पुत्र स्वतःला देतो, आत्म्याच्या द्वारे ते देणं होतं: प्रीतीचं एकच कृत्य. पित्याला खिळे लागले नाहीत, पण ज्याने स्वतःच्या पुत्राला राखून ठेवलं नाही (रोमकरांस 8:32), त्याला तटस्थ प्रेक्षक म्हणता येत नाही. पित्याने "दुःख सोसलं" हा शब्द मी वापरत नाही, कारण त्याने देह धारण केला नाही. त्याने आपलं सर्वस्व दिलं, हे मात्र मी नि:शंकपणे म्हणतो.

एका आईने मला विचारलं होतं, "देवाला त्याचा मुलगा तिसऱ्या दिवशी परत मिळाला. माझा कुठे मिळाला?" तिला मी त्या दिवशी सिरिल सांगितला नाही, आणि "देवही तुमच्यासोबत रडतो" हे झटपट सांत्वनही दिलं नाही. तिचा प्रश्न बरोबर होता. पुनरुत्थान ही फक्त पिता-पुत्राच्या घरातली आनंदाची गोष्ट असती, तर तिला त्यात काही मिळालं नसतं. पौल 1 करिंथ 15:20 मध्ये ख्रिस्ताला झोपी गेलेल्यांतलं प्रथमफळ म्हणतो, म्हणजे पीक अजून यायचं आहे आणि तिचा मुलगा त्या पिकात मोजलेला आहे. हे मी तिला पुष्कळ दिवसांनी, तिनेच पुन्हा विचारल्यावर सांगितलं. त्याआधी आम्ही 88 वं स्तोत्र वाचलं, कारण त्यात तक्रार आहे आणि तिच्यावर घाईने टाकलेलं उत्तर नाही. नव्या पाळकांना माझा सल्ला असा: दुःख सोसणाऱ्या देवाविषयी बोला, पण समोरच्याला गप्प करण्यासाठी ते वापरू नका. ज्या प्रभूने स्वतः "का?" असं विचारलं, त्याच्या नावाने दुसऱ्याचा "का?" दाबता येत नाही.

राहिला शेवटचा भाग: देव आत्ता दुःख सोसतो का? उठलेला ख्रिस्त पुन्हा मरत नाही, रोमकरांस 6:9 याबाबत स्पष्ट आहे. पण त्याने आपलं माणूसपण टाकून दिलेलं नाही. थोमा या शिष्याला त्याने जखमा दाखवल्या त्या पुनरुत्थानानंतर. इब्री लोकांस लिहिणारा म्हणतो की आपल्या दुर्बलतेविषयी सहानुभूती नसलेला असा आपला प्रमुख याजक नाही. आणि प्रेषितांची कृत्ये 9:4 पाहा. येशू स्वर्गात गेल्यानंतरची ही गोष्ट. शौल (हाच पुढे पौल झाला) दमास्कसला शिष्यांना धरायला निघालेला आहे, आणि त्याला वाणी ऐकू येते: "शौला, शौला, माझा छळ का करतोस?" शौलाने येशूला हातही लावलेला नव्हता. मारहाण झाली होती ती मंडळीतल्या माणसांना. तरी येशू "माझ्या लोकांचा छळ" म्हणत नाही. ऑगस्टीन यावरून सांगतो की मस्तक स्वर्गात आहे आणि पृथ्वीवर पाय तुडवला गेला की तेच मस्तक ओरडतं. पवित्र आत्म्याविषयी पौल रोमकरांस 8:26 मध्ये म्हणतो की आपल्याला प्रार्थना कशी करावी हे कळत नाही तेव्हा तो स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. म्हणून ज्यांना प्रार्थनेचे शब्दच सुचत नाहीत त्यांना मी सांगतो की नुसतं कण्हलात तरी चालेल. आत्मा ते कण्हणं आपलं करून घेतो, पुत्राच्या द्वारे ते पित्यापुढे जातं, आणि तीच तुमची त्रैक्याला केलेली प्रार्थना असते.